'फाउंड ऑब्जेक्ट' : सापडलेली, गवसलेली की भंगार?

कोयरी :
एका प्रदर्शनाच्या माहितीपट्ट्या मराठीत करायच्या आहेत. विषय अमेरिका-मेक्सिको सरहद्दीवर मागे राहिलेल्या वस्तूंपासून केलेली कला. प्रत्येक पट्टीवर शेवटची ओळ माध्यमाची असते आणि तिथे सारखं 'फाउंड ऑब्जेक्ट्स' येतं. 'टाकाऊ वस्तू' लिहिलं तर संपादकबाईंचा शेरा आला, कार्यानुभवाचा तास वाटतो म्हणून. 'सापडलेल्या वस्तू' त्यांना पंचनाम्यासारखं वाटतं. ओळीत फार तर ३० अक्षरं मावतात. रूढ शब्द आहे का कुठला?

बोरू :
'यदृच्छालब्ध वस्तू', म्हणजे सहजगत्या हाती आलेल्या. अर्थ नेमका, आणि ३० अक्षरांत आरामात बसतो.

तांबट :
बसतो, पण बघणारा पट्टीपाशीच अडकेल, वस्तूपर्यंत पोचणार नाही.

'टाकाऊ' नको हे बाईंचं म्हणणं बरोबर, पण कारण वेगळं आहे. टाकाऊ म्हणजे टाकायच्या लायकीचं. सरहद्द चोरून ओलांडणाऱ्यांच्या ज्या वस्तू तिथल्या वाळवंटात मिळतात त्या चांगल्या कामाच्या असतात. एक गॅलनचा, म्हणजे पावणेचार लिटरचा काळा पाण्याचा कॅन घ्या. पांढऱ्या कॅनवर ऊन चमकतं आणि लांबून दिसतं, म्हणून काळा. पण काळं प्लास्टिक तापतं आणि आतलं पाणी घशाखाली उतरत नाही इतकं गरम होतं. दुसरी वस्तू बुटावरून चढवायच्या सपाता. तळाला गालिच्याचा तुकडा शिवलेला, वाळूत ठसा उमटू नये म्हणून. सरहद्दीवरचे गस्तवाले जुने टायर साखळीने गाडीमागे बांधून वाटेवरची वाळू सपाट करून ठेवतात. नंतर कोणी ओलांडून गेलं की ताजं पाऊल लगेच ओळखू येतं. त्या टायरला दिलेलं उत्तर म्हणजे ही सपात. आता यातलं टाकाऊ काय ते सांगा.

अडकित्ता :
'गवसणे' हे 'गवेषणा'वरून आलेलं, त्यात शोध आहे. 'सापडणे' अवचितही होतं, शिवाय 'तावडीत सापडला' असंही आपण म्हणतो. सरहद्दीच्या विषयात 'सापडलेला' म्हटलं की डोळ्यांपुढे आधी माणूस येतो, वस्तू नाही.

आणि यातल्या बऱ्याच वस्तू कुणाला अवचित मिळालेल्याही नाहीत. 'बॉर्डर कँटोज' या कलाप्रकल्पात छायाचित्रकार रिचर्ड मिझरॅक सरहद्दीवरून वस्तू गोळा करून पाठवायचा आणि संगीतकार गियेर्मो गालिंदो त्यांची वाद्यं करायचा. २०१६ साली सॅन होजेच्या संग्रहालयात ती मांडली होती. पाण्यासाठी ठेवलेल्या पिंपाला कुणीतरी गोळ्या घालून भोकं पाडली होती, त्याचं त्याने पाणी ठिबकणारं वाद्य केलं. या सगळ्या 'वेचलेल्या वस्तू'. माझं मत याला.

कोयरी :
'वेचलेल्या' गोड आहे, पण तांदळातले खडे आठवतात. कुंपणाचा पोलादी पत्रा कोण वेचणार?

तांबट :
पत्र्याची गोष्टच वेगळी. व्हिएतनाम युद्धाच्या काळात विमानं-हेलिकॉप्टरं उतरवायला जमिनीवर अंथरायचे ते पोलादी पत्रे. १९९० च्या दशकात अमेरिकी सरकारने तेच उभे करून कुंपण केलं. एम८ए१ जातीचा एक पत्रा साधारण १२ फूट लांब, २२ इंच रुंद, वजन ६५ किलोच्या आसपास. पत्र्याला नाळ्या असतात. त्या आडव्या आल्या की चढणाऱ्याला आयत्या पायऱ्या, आणि पत्रा सलग असल्याने पलीकडे काय चाललंय ते गस्तवाल्यालाही दिसेना. पुढे ठिकठिकाणी तो काढून खांबांचं कुंपण आलं. म्हणजे सरकारने आधी जुनं सामान वापरलं, मग कलावंताने सरकारचं. गालिंदोची एक मोठी घंटा कुंपणाच्या अशाच वाकलेल्या तुकड्याची आहे.

असा तुकडा टांगणाऱ्यांसाठी: टोकांना भोकं पाडून टांगला तर नुसता 'थड्' वाजतो. सरळ पट्टी असेल तर दोन्ही टोकांपासून लांबीच्या सुमारे २२ टक्क्यांवर दोरी घ्या, तिथे पट्टी जवळजवळ हलत नाही, म्हणून दोरी नाद मारत नाही. तुकडा वेडावाकडा असेल तर हिशेब चालत नाही; एका हाताने ठोकत दुसऱ्या हाताचं बोट सरकवत न्यायचं, जिथे बोट टेकूनही आवाज मरत नाही ती जागा. ग्राइंडर लावू नका. जुन्या रंगात शिसं असू शकतं, आणि रंग उडाला तर वस्तूच्या अंगावरची साक्षही उडाली.

बोरू :
मग सरळ 'भंगार' म्हणा की! हाच प्रवास ना सगळा?

उंबरठा :
का म्हणू नये? तिथले लोक म्हणतातच. उत्तर मेक्सिकोत जुन्या गाड्यांच्या भंगारवाड्याला 'योंके' म्हणतात. इंग्रजी 'जंक'च, स्पॅनिश तोंडात बसलेला. अस्सल मेक्सिकन शब्द हाताशी आहे, 'देसवेसादेरो', म्हणजे हाडं सुटी करायची जागा. तरी रस्त्यावरच्या पाट्यांवर 'योंके'च. नोगालेसमध्ये ग्वादालुपे सेर्रानो आणि आल्बेर्तो मोराकिस यांनी आपल्या गटाचं नाव 'तायेर योंके', भंगाराची कार्यशाळा, असं ठेवलं आणि भिंतीच्या मेक्सिकोकडच्या अंगाला धातूचे रंगवलेले मोठे आकार लावले. त्यांना लाज नाही वाटली, आपल्याला 'यदृच्छालब्ध' लागतं.

बोरू :
ते नाव गटाचं, माध्यमाचं नव्हे. उपरोध पाटीवर शोभतो, माहितीच्या ओळीत नाही.

अडकित्ता :
भंगारवरून एक गंमत. गोव्यात 'भांगर' म्हणजे सोनं. संस्कृत 'भृङ्गार'वरून. आपलं भंगार 'भंग'वरून असं सगळे धरून चालतात, पण मला नेहमी वाटतं की सोनाराच्या मोडीतून दोन्ही शब्द...

तांबट :
अडकित्ताराव, मोड ही मोड. तांब्यापितळेची मोड तागडीत पडते आणि तिचे पैसे वळते होतात. सोन्याशी सोयरीक लावू नका.

उंबरठा :
एक प्रकार राहिला. अॅरिझोनात आहो नावाचं गाव आहे. टॉम कीफर २००३ ते २०१४ तिथल्या सरहद्द-सुरक्षेच्या ठाण्यात सफाईचं काम करत होता. पकडलेल्यांकडून काढून घेतलेल्या वस्तू कचऱ्यात जायच्या: जपमाळा, बायबलं, कंगवे. त्याने त्या बाहेर काढल्या आणि रंगीत पार्श्वभूमीवर एकसारख्या मांडून छायाचित्रं केली. इथे 'वेचलेल्या'ही नाही आणि 'सापडलेल्या'ही नाही. 'मुद्देमाल' लिहा.

बोरू :
मुद्देमाल म्हणजे खटल्याचा पुरावा. पावती होते, मालखान्यात राहतो, निकालानंतर न्यायालय त्याची विल्हेवाट सांगतं. जो माल थेट कचरापेटीत गेला तो मुद्देमाल कसा? 'जप्त करून फेकलेल्या वस्तू' लिहा. अक्षरं मोजा हवी तर.

कोयरी :
म्हणजे प्रत्येक पट्टीला वेगळा शब्द! बरं, अजून एक. वाद्यांच्या पट्टीवर 'कॉन्टॅक्ट मायक्रोफोन' आहे, वस्तूला चिकटवून तिची कंपनं टिपणारा.

बोरू :
स्पर्शध्वनिग्राहक.

तांबट :
लॅमिंग्टन रोडला जाऊन मागून बघा. दुकानदार 'पिएझो चकती' म्हणतो, तेच लिहा. २७ मिलिमीटरची पितळी चकती, मधे पांढरट सिरॅमिक. काळी तार पितळेला, लाल सिरॅमिकला. सोल्डरिंगचं टोक सिरॅमिकवर दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त ठेवलं तर थर निघून येतो. चकती साध्या मिक्सरच्या १० किलोओहमच्या तोंडाला लावली की सुमारे ८०० हर्ट्झच्या खालचं सगळं पडतं, पिंप डब्यासारखं वाजतं. १ मेगोहमचा प्री-अँप, म्हणजे मिक्सरच्या आधीचा छोटा वर्धक, मधे घातला की खर्ज परत येतो. पिंप बिचारं बदनाम होतं.

कोयरी :
आभार. आणि प्रदर्शनाच्या नावात 'बॉर्डर कम्युनिटीज' आहे, तिथे 'सीमाभागातील समाज' चालेल?

अडकित्ता :
अजिबात नाही. सीमाभाग म्हटलं की बेळगाव, निपाणी, कारवार. लोक मोर्चा समजून येतील.

उंबरठा :
'सरहद्दीवरची गावं' म्हणा. तिहुआनात कॅलिफोर्नियातून आलेल्या जुन्या गॅरेज-दारांच्या भिंती आणि टायरांच्या उतारबांधणीवर घरं उभी आहेत. ती गावं-वस्त्याच आहेत, 'समाज' कसला?

बोरू :
सरहद्द फारसी-अरबी. आपला शब्द शीव. गावाची शीव, शिवेवरची वस्ती.

अडकित्ता :
शीव फक्त दोन गावांमधली. देशाला शीव नसते.

बोरू :
मुंबई आणि साष्टी यांच्यामधली शीव कुठल्या दोन गावांची? स्टेशनला नाव पडलंय त्यावरून.

उंबरठा :
ते नाव जेझुइट पाद्र्यांच्या झायनवरून, म्हणजे जेरुसलेमच्या टेकडीच्या नावावरून, पडलं असं म्हणणारेही आहेत.

बोरू :
म्हणोत. 'शीव'चा 'सायन' इंग्रजी स्पेलिंगने केला, उलट नाही. कोळीवाड्यात जाऊन विचारा.