दुकानातून आणलेले एचेव्हेरिया सुरकुतत आहे. पाणी द्यावे की कुंडी बदलावी?

प्रश्न

काही आठवड्यांपूर्वी मी दुकानातून एचेव्हेरियाचे (जाड पानांत पाणी साठवणारे शोभेचे झाड) रोप आणले. तेव्हा त्याची पाने भरीव होती आणि त्यांवर पांढुरका थर होता. आता खालची पाने पिवळसर, काहीशी पारदर्शक होऊन बोट लागताच गळत आहेत, तर मधल्या पानांवर सुरकुत्या पडल्या आहेत. सुरकुत्या पाहून झाडाला पाणी कमी पडत असावे असे वाटते. परंतु मातीवर चिकटवलेले शोभेचे खडे उचकटून पाहिले, तर खालची माती काळी आणि ओली लागली. बाहेरच्या कुंडीला तळाशी भोक नाही. शेंडाही खिडकीकडे कलून लांबत चालला आहे. अशा अवस्थेत कुंडी बदलली तर झाड ते सोसेल का?

पहिला प्रतिसाद

पाणी देऊ नका आणि झाड शक्य तितक्या लवकर कुंडीबाहेर काढा. माती कोरडी असताना पाने सुरकुतली असती, तर ती तहान ठरली असती आणि एकदा भरपूर पाणी दिल्यावर पाने पुन्हा भरली असती. तुमच्याकडे माती ओली आहे आणि तरीही पाने सुरकुतत आहेत. याचा अर्थ मुळे कुजली असून ती पाणी वर पोहोचवू शकत नाहीत, म्हणून झाड पानांत साठवलेले पाणी वापरते आहे. अशा वेळी आणखी पाणी घातले की मुळांना मिळणारी उरलीसुरली हवाही बंद होते आणि कूज खोडापर्यंत चढते. खालची पाने पारदर्शक होणे हेही जास्त पाण्याचेच लक्षण आहे. अगदी खालची एखाददुसरी पाने कागदासारखी वाळून जाणे मात्र या झाडांत नेहमीचे असते, त्याची चिंता नको.

झाड बाहेर काढताना पानांना न धरता खोडाच्या बुडाशी धरा. पानांवरचा पांढुरका थर मेणाचा असतो, तो उन्हापासून पानाचे रक्षण करतो, आणि बोटांनी पुसला गेला की त्या पानावर पुन्हा येत नाही. सगळी जुनी माती हलक्या हाताने झाडून टाका. रोपवाटिकेत लहान रोपे अनेकदा कापडाच्या किंवा जाळीच्या पुडीत वाढवतात आणि ती पुडी मुळांभोवती तशीच राहते. ती असेल तर कापून काढा, कारण तिच्या आतली माती सर्वांत उशिरा वाळते. मग मुळे नीट पाहा. निरोगी मूळ पांढरट आणि टणक असते. कुजलेले मूळ तपकिरी किंवा काळे असते आणि चिमटीत धरून ओढले तर त्याची साल सुटून येते व आत नुसता दोरा उरतो. अशी सर्व मुळे स्पिरिटने पुसलेल्या कात्रीने छाटून टाका आणि झाड सावलीत, हवेशीर जागी दोन-तीन दिवस उघडे ठेवा, म्हणजे जखमा सुकतील.

दुसरा प्रतिसाद

वरील सल्ल्याशी मी पूर्णपणे सहमत आहे. मातीबद्दल थोडी भर घालतो. दुकानातील रोपे बहुधा पीट (दलदलीतील अर्धवट कुजलेले शेवाळ) किंवा कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) यांच्या मिश्रणात असतात. रोपवाटिकेच्या भरपूर उजेडात ते मिश्रण चालून जाते, पण घरातल्या मंद उजेडात झाड पाणी कमी ओढते आणि तेच मिश्रण दिवसेंदिवस ओले राहते. निम्मे परलाइट किंवा प्युमिस (दोन्ही हलके, ज्वालामुखीजन्य खडे) किंवा जाडी धुतलेली वाळू आणि निम्मे कोकोपीट व चाळलेले कंपोस्ट असे मिश्रण करावे. बारीक वाळू वापरू नये, ती मातीतील पोकळ्या बुजवते. कुंडी मुळांच्या पसाऱ्यापेक्षा बोटभरच मोठी, शक्यतो मातीची आणि तळाशी भोक असलेली हवी. तळाशी खड्यांचा थर घातल्याने निचरा सुधारतो असा समज फार पसरलेला आहे, परंतु पाणी बारीक मातीतून जाड खड्यांत सहज उतरत नाही, उलट वरची माती ओली राहण्याची जागा मुळांच्या आणखी जवळ येते. भोकावर जाळीचा तुकडा ठेवला की पुरे.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

आपण दोघांनी सांगितल्याप्रमाणे झाड बाहेर काढले. जवळपास सगळ्या मुळांची साल हातात आली. खोड बुडाशी मऊ लागते आणि कापल्यावर मध्यभागी तपकिरी ठिपका दिसतो. शिवाय पानांच्या बेचक्यांत कापसासारखे पांढरे पुंजके आहेत. आता काही करता येईल का?

तिसरा प्रतिसाद

नक्कीच करता येईल, कारण एचेव्हेरियाचा शेंडा शाबूत असेल तर मुळांशिवायही ते पुन्हा उभे राहते. दर वेळी पाते स्पिरिटने पुसून खोड थोडेथोडे वर कापत जा आणि कापलेला भाग सर्वत्र एकसारखा फिकट हिरवा दिसेपर्यंत थांबू नका. तपकिरी ठिपका टाचणीच्या टोकाएवढा उरला तरी कूज पुढे सरकते; इथे हात आखडता घेतला की सगळे श्रम वाया जातात. नंतर खालची काही पाने काढून दोन-तीन सेंटीमीटर खोड मोकळे करा, काप पूर्ण सुकेपर्यंत आठवडाभर थांबा आणि मग शेंडा कोरड्या मिश्रणावर टेकवून ठेवा. मुळे फुटायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात आणि तोवर पाने थोडी आक्रसतात, पण म्हणून पाणी घालायची घाई करू नये.

पांढरे पुंजके हे पिठ्या ढेकूण, म्हणजे झाडाचा रस शोषणारी कीड, आहेत. सत्तर टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कापसाचा बोळा भिजवून फक्त पुंजक्यांना लावा, कारण अल्कोहोलने पानावरचे मेणही निघते. लपलेली अंडी नंतर फुटतात, म्हणून आठवड्याने पुन्हा तपासावे. हे झाड इतरांपासून दूर ठेवा आणि जुनी माती दुसऱ्या कुंडीत वापरू नका.

लांबलेले खोड पुन्हा आखूड होत नाही. उजेड वाढल्यावर फक्त नवी पाने दाटीने येतात. मुळे धरल्यावर उजेड दहा-पंधरा दिवसांत टप्प्याटप्प्याने वाढवा. एकदम कडक उन्हात ठेवले तर पाने भाजतात आणि ते डाग जात नाहीत. त्यानंतर मिश्रण तळापर्यंत वाळले की तळातून पाणी वाहीपर्यंत द्यावे आणि ताटलीत साचलेले पाणी ओतून टाकावे.

काढलेली पाने बुडापासून अखंड निघाली असतील, तर तीही सुकवून कोरड्या मिश्रणावर आडवी ठेवा. त्यांतील काहींना बुडाशी गुलाबी मुळे व इवलेसे रोप फुटेल. जुने पान आपोआप वाळून सुटेपर्यंत ते ओढू नये. पारदर्शक झालेली पाने मात्र टाकून द्यावीत, त्यांतून काही उगवत नाही. आणि शेंड्यावर नवी पाने दिसेपर्यंत खत घालू नये.