वायोमिंगच्या नंबरप्लेटवरचा घोडा कोण?

सोनचाफा: अमेरिकेत वायोमिंग राज्यात, शायेनला आलेय. इथे प्रत्येक गाडीच्या पाटीवर उधळलेला घोडा! हॉटेलवाला म्हणाला, हा स्टीमबोट. घोड्याचं नाव बोट? आणि या घोड्यांचा अवघड जागी पट्टा आवळतात म्हणे, खरं का?

डेन्व्हरकर_अण्णा: आगबोटच. इथल्याच चगवॉटर गावाकडचा काळा घोडा, तीन पायांत पांढरे मोजे. खच्ची करायला पाडला तेव्हा त्याने डोकं जमिनीवर असं आपटलं की नाकातलं हाड मोडलं. तुकडा काढून टाकला, पण जोर केला की नाकातून शिट्टी वाजायची, आगबोटीच्या भोंग्यासारखी. रोडिओत, म्हणजे उधळत्या घोड्यावर टिकून बसायच्या खेळात, तेव्हा आठ सेकंद बसायचा आजचा नियम नव्हता, घोडा दमेपर्यंत टिकायचं. हा हवेतच अंग पिळायचा आणि ताठ पायांवर आदळायचा. 1908 मध्ये शायेनला डिक स्टॅन्ली टिकला खरा, पण मैदानात चिखल होता. माझ्याकडून त्याला अर्धेच मार्क!

पट्ट्याचं म्हणाल तर तो मागच्या मांड्यांपुढे, पोटाभोवती असतो, मेंढीच्या लोकरीचं अस्तर लावलेला. रोडिओत घोड्याही उधळतात, त्यांचं काय आवळणार? मी जुलैत कुंपणाला चिकटून बसलो होतो. आत एक घोडी पेंगत उभी, खालचा ओठ लोंबलेला. फाटक उघडलं आणि बया पेटली. भोंगा वाजला, मदतीच्या दुसऱ्या स्वाराने बाजूने येऊन पट्टा सोडला, तर ही आपली दुडक्या चालीने थेट बाहेरच्या दाराकडे. आमच्या मंगळवेढ्याच्या खिल्लार खोंडालाही सुट्टी अशीच कळायची.

काळवीट: गुण कसे देतात?

डेन्व्हरकर_अण्णा: शंभरातले निम्मे घोड्याचे. घोडा मठ्ठ निघाला तर स्वार कितीही चिकटून बसो, गुण फारसे पडत नाहीत. म्हणून चांगल्या घोड्याची चिठ्ठी निघाली की ही पोरं खूश होतात, धडकी भरली तरी.

सोनचाफा: पुढे काय झालं त्याचं? आणि पाटीवर तोच ना?

डेन्व्हरकर_अण्णा: 1914 मध्ये सॉल्ट लेक सिटीत तारेने पाय कापला, विष अंगभर पसरलं. शायेनला आणून गोळी घातली. पाटी 1936 ची. ती सुरू करणाऱ्या अधिकाऱ्याने स्वार म्हणून स्टब फार्लो या काउबॉयचं नाव घेतलं. घोडा स्टीमबोट हे लोकांनी ठरवलंय. वायोमिंग विद्यापीठाच्या चिन्हावर मात्र नक्की तोच, 1903 मध्ये लॅरमीला काढलेल्या फोटोवरून. पाठीवर गाय होल्ट. हो, नाव गायच.

सोनचाफा: 😂 उद्या लॅरमीलाच जातेय.