बहुभाषिक वर्गात वाचन कसे शिकवावे? मुंबईतील पालिका शाळांविषयी चर्चा

प्राथमिक शिक्षिका (धागा सुरू करताना):
मुंबई महानगरपालिकेच्या शाळा आठ माध्यमांतून चालतात. पण शाळेचे माध्यम एक असले म्हणून मुलांच्या घरची भाषाही एकच असते असे नाही. माझ्या मराठी माध्यमाच्या तिसरीच्या वर्गात भोजपुरी, तेलुगू, कन्नड आणि दखनी बोलणाऱ्या घरांतली मुले मराठी घरांतल्या मुलांच्या मांडीला मांडी लावून बसतात. एक मुलगा अख्खा उतारा न अडखळता वाचतो, रफारही चुकवत नाही. मात्र गोष्टीत काय घडले असे विचारले की मान खाली घालतो. त्याच्या शेजारची मुलगी ऐकलेली गोष्ट रंगवून सांगते, परंतु वाचताना तिचे बोट प्रत्येक जोडाक्षरापाशी थबकते. या दोघांना एकच धडा एकाच पद्धतीने शिकवून काही साधत नाही. म्हणून माझा प्रस्ताव असा, की रोज एक तास इयत्ता बाजूला ठेवून वाचनाच्या पातळीनुसार गट करावेत आणि वाचलेल्या मजकुराचा अर्थ मुलाने सुरुवातीचे काही महिने घरच्या भाषेत सांगितला तरी तो ग्राह्य धरावा.

निवृत्त मुख्याध्यापक:
प्रस्तावाच्या दोन्ही भागांना माझा विरोध आहे. गट पाडले की चार दिवसांत साऱ्या शाळेला ‘कच्च्यांचा गट’ कोणता ते कळते आणि तो शिक्का पुसता पुसला जात नाही. दुसरा भाग मला अधिक चिंतेचा वाटतो. या शहरात हिंदी बाजारात, रिक्षात, मोबाइलवर सतत कानावर पडते. पण अमराठी घरातल्या मुलाला दिवसातले चार-पाच तास सलग मराठी ऐकायला मिळण्याची जागा शाळेवाचून दुसरी नाही. तिथेही सवलत दिली, तर ते मूल मराठीत विचार करायला शिकणार कधी? राज्याने 2020 मध्ये कायदा करून सर्व माध्यमांच्या शाळांत मराठी सक्तीची केली. मराठी माध्यमातच इतर भाषेतले उत्तर चालू लागले, तर इतरांकडून आपण कोणत्या तोंडाने आग्रह धरायचा?

वाचन उपक्रमातील स्वयंसेविका:
गटांबाबतचा अनुभव याच शहरात उपलब्ध आहे. 2001 ते 2003 या काळात ‘प्रथम’ संस्थेने मुंबई आणि बडोद्याच्या पालिका शाळांत ‘बालसखी’ उपक्रम राबवला. वस्तीतल्याच तरुणी मागे पडलेल्या मुलांना रोज दोन तास वेगळे बसवून शिकवत. अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा अभ्यास केला, तेव्हा सर्वांत मागे असलेल्या मुलांची प्रगती विशेष आढळली. शिक्का बसतो तो गट कायमचे ठेवले तर. दर काही आठवड्यांनी तपासणी करून मुलांना पुढच्या गटात नेले, तर कोणतेही मूल एका नावाला चिकटून राहत नाही.

निवृत्त मुख्याध्यापक:
त्याच अभ्यासाचा उत्तरार्धही सांगायला हवा. उपक्रम संपल्यानंतर वर्षभरात तो लाभ बराच ओसरला. जनगणना, निवडणूक आणि माहिती भरण्याची कामे शिक्षकांच्या मागे असताना हा तास वर्षानुवर्षे टिकवणार कोण?

तेलुगूभाषक पालक:
माझे शिक्षण मराठीत झाले, घरी आम्ही तेलुगू बोलतो. माझ्या मुलीला घरची भाषा बोलण्याची मुभा मिळावी, हे मला पटते. पण बाईंना तेलुगू येत नाही, मग मुलीला अर्थ कळला की नाही हे त्या ठरवणार कसे? शिवाय बहुतेक पालकांना इंग्रजी हवी आहे. तिसरीतही मराठी नीट वाचता येत नसेल, तर मुलगी इंग्रजी शाळेत का घालू नये, याचे उत्तर मला अजून मिळालेले नाही.

प्राथमिक शिक्षिका:
तेलुगूचा प्रश्न खरा आहे. वर्गातले दुसरे तेलुगू मूल किंवा सातवीतली एखादी मुलगी मदत करू शकते. शिवाय चित्रे क्रमाने लावायला सांगितली तरी समज तपासता येते. इंग्रजीबद्दल एवढेच सांगेन, की मजकुरातून अर्थ काढण्याची सवय एका भाषेत लागली की दुसऱ्या भाषेत ती नव्याने लावावी लागत नाही. ती लागलीच नसेल, तर शाळा बदलून अडचण फक्त पुढे ढकलली जाते. मुलांचे वाचन आणि गणित तपासणाऱ्या ‘असर’च्या 2024 च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या सरकारी शाळांमधील तिसरीच्या मुलांपैकी 23.4 टक्के मुलेच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकली. ही पाहणी शहरांत होत नाही, त्यामुळे ती मुंबईला लागू आहे असे मी म्हणत नाही. पण केंद्र सरकारच्या ‘निपुण भारत’ अभियानाने तिसरीअखेर प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे यासाठी 2026-27 ची मुदत ठेवली आहे आणि ‘समजून’ हीच त्यातली अवघड बाब आहे. मराठी मलाही तितकीच प्रिय आहे, सर. न समजता घडाघडा वाचणारा मुलगा सातवीत गेल्यावर मराठी पुस्तकाला हात लावणार नाही, याची मला भीती वाटते.

निवृत्त मुख्याध्यापक:
गट ठरावीक काळाने बदलणार असतील, तर माझा पहिला आक्षेप मागे घेतो. घरच्या भाषेला मात्र ‘काही महिने’ नव्हे, दिवाळीच्या सुट्टीपर्यंत अशी स्पष्ट मर्यादा हवी आणि मुलाने सांगितलेला अर्थ शिक्षकाने त्याच क्षणी मराठीत पुन्हा मांडून त्याच्याकडून वदवून घ्यावा. एवढे मान्य असेल, तर वेळापत्रकात तास कुठे बसवायचा ते बोलू.