साडेसात एचपीची मोटर आठ तास चालली तर युनिट किती?

केळीबाग_रावेर:
ट्यूबवेलला साडेसात एचपीची सबमर्सिबल आहे, साडेतीन एकर केळी ठिबकवर. सोलर पंपाचा विचार चाललाय, खपाचा नक्की आकडा हवा म्हणून स्टार्टरच्या पेटीत सबमीटर बसवलं. लाइट आठ तास होती, मोटर सलग चालली. माझा हिशेब असा: 1 एचपी म्हणजे 746 वॅट, म्हणून 5.6 किलोवॅट, गुणिले 8, म्हणजे 45 युनिट. मीटर दाखवतंय 56! तीन दिवस तेच. मीटर पळतंय का? शिवाय नववीतली लेक विचारते, पुस्तकात ऊर्जा जूलमध्ये आहे, मग आपलं युनिट म्हणजे किती जूल? मला सांगता आलं नाही, ते मनाला लागलंय.

वायंडिंग_सावदा:
मीटर बरोबर आहे दादा. प्लेटवरचे साडेसात एचपी म्हणजे मोटर शाफ्टला, म्हणजे पंप फिरवणाऱ्या दांड्याला, देते ते. तारेतून ती जास्त ओढते. तुमच्या आकड्यांवरून शंभरातले ऐंशी शाफ्टला पोचताहेत: 5.6 भागिले 0.8 म्हणजे 7 किलोवॅट, आठ तासांचे 56. सबमर्सिबलला हे चांगलंच आहे. तरी क्लॅम्प मीटर लावून तिन्ही फेजचे अँपिअर बघा, 12 च्या जवळपास हवेत.

निवृत्त_गुरुजी:
एक वॅट म्हणजे सेकंदाला एक जूल. एक किलोवॅट तासभर चाललं की 1000 गुणिले 3600, म्हणजे 36 लाख जूल. तेच आपलं एक युनिट. 56 चं गणित लेकीला करू द्या, तुम्ही करून देऊ नका. आणि पाणी किती खोलवरून येतं, किती येतं, तेही कळवा.

केळीबाग_रावेर:
मोटर चालू असताना पाणी 330 फुटांवर असतं. 200 लिटरचा ड्रम 57 सेकंदांत भरतो, तिघांनी मोजलं.

निवृत्त_गुरुजी:
म्हणजे सेकंदाला साडेतीन लिटर, आठ तासांत लाखभर लिटर. एक लाख किलो पाणी 100 मीटर (330 फूट) वर, गुणिले गुरुत्वाकर्षणाचे 9.8: 9 कोटी 80 लाख जूल. त्याला 36 लाखांनी भागा, 27 युनिट. 56 पैकी 27 युनिट खरोखर पाणी उचलण्यात गेले! बाकीचे मोटरच्या उष्णतेत, पंपात आणि पाइपच्या घर्षणात. सोलरवाल्याशी बोलताना नुसते एचपी सांगू नका. खोली आणि लिटर आधी सांगा.

दीपनगर_माजी_कर्मचारी:
वीज केंद्रात आम्ही किलोकॅलरीत बोलायचो. एक युनिट म्हणजे 860 किलोकॅलरी, पण कोळशावर ते तयार करायला साधारण 2500 जाळाव्या लागतात. किलोला 3500 देणारा कोळसा धरला, तर तुमच्या 56 युनिटांमागे 40 किलो कोळसा.

केळीबाग_रावेर:
लेकीने वहीत 20,16,00,000 लिहिलं, शून्यं दोनदा मोजली. गुरुजींचं पाण्याचं गणितही तिनेच मला समजावलं. अँपिअर 12.1, 12.4, 12.2. सबमीटर आहे तसंच ठेवतो.