‘आम्ही वर्ण पाहत नाही’ म्हणणाऱ्या दुकानात माझी छटा का नाही?

प्रश्न : न्यू जर्सीतल्या एका दुकानात विक्रेतीने माझ्या गालावर फाउंडेशनच्या (त्वचेच्या रंगाशी जुळवून चेहऱ्याला लावायच्या प्रसाधनाच्या) तीन छटा लावून पाहिल्या; तिन्ही राख फासल्यासारख्या दिसल्या. ‘आम्ही वर्ण पाहत नाही,’ असे ती मनापासून म्हणाली. मग सावळ्या त्वचेसाठी छटा का नाहीत?

उत्तर १ : वर्ण न पाहणे म्हणजे व्यवहारात गोरी त्वचा हेच प्रमाण मानणे. २०१७ मध्ये गायिका रिहानाच्या फेंटी ब्यूटी या प्रसाधन कंपनीने फाउंडेशनच्या एकदम ४० छटा बाजारात आणल्या, तेव्हा कुठे इतर कंपन्यांनीही आपल्या छटा वाढवल्या.

उत्तर २ : केवळ संख्या पुरेशी नाही. फाउंडेशनमधल्या टायटॅनियम डायऑक्साइड या रंगद्रव्याच्या पांढरेपणामुळे सावळ्या त्वचेवर राखाडी झाक येते. म्हणून लाल, पिवळ्या आणि काळ्या आयर्न ऑक्साइड या रंगद्रव्यांचे प्रमाण त्या त्वचेवरच पारखून ठरवावे लागते, आणि त्यासाठी आधी वर्ण पाहावाच लागतो.

उत्तर ३ : पुढच्या वेळी छटा जबड्याच्या कडेला लावून दिवसाच्या उजेडात पाहा.