मदत हवी आहे: साइटचं शेड्यूल सगळ्यांच्या मोबाईलवर एकत्र कसं ठेवू?

नाशिकला जी+२ (तळमजला आणि वर दोन मजले) बंगल्याचं काम चालूय. गूगल शीट सगळ्यांना शेअर केली, पण सेंट्रिंगवाला (स्लॅबचा साचा बांधणारा), प्लंबर, इलेक्ट्रिशियन ती उघडतच नाहीत, व्हॉट्सॲपवर टाकलं की मेसेज खाली जातो. परवा भिंतीत झिरी मारून पाईप टाकायच्या आधीच गिलावावाला येऊन उभा, त्याचा दिवस फुकट गेला, वाईट वाटलं. स्लॅबचा गाळा (दोन आधारांमधलं अंतर) साडेचार मीटरच्या वर आहे म्हणून स्लॅबखालचे टेकू १४ दिवस ठेवायचेत, म्हणजे स्लॅब २ दिवस लांबला की पुढचं सगळं हलतं आणि मी प्रत्येक तारीख हाताने बदलतो. माणसं ७-८, साधे अँड्रॉइड, साइटवर रेंज कमी, लॅपटॉप नाही, महिना हजारापर्यंत चालेल. एक तारीख बदलली की पुढच्या आपोआप सरकतील, ज्याचं काम त्यालाच मराठीत मेसेज जाईल आणि ऑफलाईनही चालेल, असं ॲप कोणी साइटवर खरंच वापरलंय का?