चोपण जमिनीतील झाडांसाठी स्थानिक मायकोरायझा (मुळांसोबत राहणारी उपयुक्त बुरशी) कसा वाढवावा? (मदत हवी आहे)

नमस्कार. निफाड तालुक्यात गोदाकाठी आमच्या शेताच्या सखल कडेला जमीन खारवट-चोपण (क्षार आणि सोडियम वाढलेली) झाली असून तिचा सामू (पीएच) ८.५ च्या वर आहे. उन्हाळ्यात तिथे पांढरा थर येतो आणि पावसात माती इतकी चिकट होते की पाणी मुरतच नाही. तरीही बांधावरची जुनी बाभूळ आणि करंज हिरवीगार आहेत.

अशा मातीत स्फुरद (फॉस्फरस) कॅल्शियमशी बांधले जाऊन मुळांना मिळत नाही. मायकोरायझा बुरशीचे तंतू मात्र मुळांच्या आवाक्याबाहेरून ते आणून देतात, झाडात सोडियमच्या तुलनेत पालाश (पोटॅशियम) टिकवून धरायला मदत करतात आणि त्या बदल्यात झाडाकडून साखर घेतात. त्यामुळे बाजारातील तयार भुकटीपेक्षा या झाडांच्या मुळांजवळची, क्षारांना सरावलेली बुरशीच नव्या रोपांना द्यावी, असे मला मनापासून वाटते.

ही बुरशी जिवंत मुळांशिवाय वाढत नाही. म्हणून बांधावरची माती निर्जंतुक वाळूत मिसळून कुंडीत ज्वारी किंवा मका लावायचा, तीन-चार महिन्यांनी पाणी तोडायचे आणि मुळांसकट ती माती रोपवाटिकेत वापरायची, असा विचार आहे. या कुंड्यांना थोडे खारे पाणी द्यावे का, म्हणजे क्षार सोसणारे प्रकारच टिकतील? सुपर फॉस्फेट (स्फुरदाचे खत) पूर्ण बंद ठेवावे का? आणि मुळांमध्ये बुरशी शिरल्याचे रंगद्रव्य वापरून सूक्ष्मदर्शकाखाली तपासून देणारी सोय नाशिक किंवा राहुरी परिसरात कोणाला माहीत आहे का? चोपण सुधारण्यासाठी जिप्सम टाकलेल्या जमिनीत ज्यांनी हा प्रयोग केला आहे, त्यांनी अनुभव अवश्य लिहावा.